उपासनेच्या जागेत कारभाराचाही वाटा हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी आपल्या अंकात एका वाचकांनी लिहिले होते, की प्रार्थनेसाठी स्थापन झालेल्या संस्थांनी उपासना करावी. न्याय, हक्क, आंदोलने हा त्यांचा प्रांत नव्हे. बुधवारी दुसऱ्या वाचकांनी त्याला उत्तर दिले, की प्रार्थना समाजासारख्या या उदार धर्मवाल्यांनी महाराष्ट्रात कधी काही केलेच नाही, व्याख्याने दिली आणि घरी गेले. दोघांचीही तळमळ खरी आहे. पण दोन्ही पत्रांत परळचा उल्लेख नाही, म्हणून मी लिहायला बसले. मी परळची. वडील गिरणीत साचेखात्यात होते, घरात पंढरीची वारी होती, आणि माझी सगळी नोकरी रात्रशाळेत झाली. हॉटेलात कपबशा विसळून येणारी, दुकानात हमाली करून येणारी, चार घरची धुणीभांडी आटोपून येणारी मुलेमुली मी शिकवली आहेत. त्यामुळे या विषयावर गप्प बसणे मला जमत नाही.

आधी रविवारच्या पत्राविषयी. मुंबईत प्रार्थना समाज १८६७ साली स्थापन झाला. डॉ. आत्माराम पांडुरंग, पुढे न्या. रानडे, डॉ. भांडारकर, ना. ग. चंदावरकर अशी माणसे त्यात होती. मूर्ती नाही, पुरोहित नाही, एका ईश्वराची उपासना आणि तोंडी तुकोबांचे अभंग. याच मंडळींनी १८७६ मध्ये मुंबईत कामकऱ्यांसाठी रात्रशाळा सुरू केल्या. ज्या व्यवस्थेत मी आयुष्य काढले तिची पहिली वीट रविवारी उपासनेला बसणाऱ्या लोकांनी ठेवलेली आहे. पंढरपूरला लालशंकर उमियाशंकर यांनी १८७५ साली काढलेले बालहत्या प्रतिबंधक गृह पुढे याच समाजाने चालवायला घेतले. ज्या विठोबाला आम्ही माउली म्हणतो त्याच्या गावात विधवेच्या पोटी आलेले मूल नदीत सोडले जाऊ नये, एवढी साधी गोष्ट होती ती. आजही ते नवरंगे बालकाश्रम म्हणून चालू आहे. पुढच्या वारीला जाणाऱ्यांनी दर्शनाच्या रांगेतून सुटल्यावर तिथेही जाऊन यावे. उपासना आणि न्याय यांची फारकत करा म्हणणाऱ्यांना माझा प्रश्न एवढाच आहे: या बायकांनी आणि या मुलांनी त्या काळी कोणत्या सरकारी कचेरीत जायचे होते?

पण बुधवारच्या पत्रातला आक्षेप जास्त खोल आहे, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. प्रार्थना समाजाच्या आधी, १८४९ साली परमहंस मंडळी निघाली होती. तिचे सभासद जातिभेद मोडायची शपथ घेत, एकत्र बसून खात, पण सगळे गुप्तपणे. १८६० च्या सुमारास सभासदांची नावे फुटली आणि मंडळी विखुरली. लोकांच्या नजरेला पडताच मोडावे असे ते धैर्य होते. प्रार्थना समाजाने गुप्तता सोडली, हे मोठेच पाऊल. मात्र सभासदाने घरच्या मूर्ती काढाव्यात किंवा जातीबाहेर जेवावे अशी सक्ती ठेवली नाही. विचार पुढे आणि घर मागे, असे बऱ्याच जणांचे झाले. जोतिराव फुल्यांनी हे फार लवकर ओळखले होते. पुण्यात त्यांनी आणि सावित्रीबाईंनी विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह १८६३ मध्येच उघडले होते, आणि १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढला. १८८५ साली मराठी ग्रंथकारांच्या सभेचे बोलावणे आले तेव्हा त्यांनी कळवले, की जे लोक सर्व माणसांच्या हक्कांचा खरा विचार करत नाहीत आणि ते हक्क उघडपणे द्यायला तयार नाहीत, त्यांच्या सभांशी आमच्या सभांचा मेळ बसणार नाही. हे पत्र रानड्यांच्या वर्तुळाला उद्देशून होते. मला रानड्यांविषयी आदर आहे, तरीही मी म्हणते, जोतिरावांचे बरोबर होते. हक्क देणाऱ्याच्या सोयीने मिळू लागला की त्याची भीक होते.

आता परळ. जमखंडीच्या एका वारकरी घरात १८७३ साली जन्मलेले विठ्ठल रामजी शिंदे १९०१ मध्ये ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्माचा अभ्यास करायला गेले. एकच ईश्वर मानणाऱ्या युनिटेरियन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचे ते कॉलेज. त्या मंडळींनी इंग्लंडच्या शहरांत गरीब वस्त्यांमध्ये चालवलेली कामे शिंद्यांनी पाहिली. १९०३ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला उदार धर्मीयांच्या परिषदेत त्यांनी भारतातल्या उदार धर्मावर निबंध वाचला आणि परत येऊन मुंबईच्या प्रार्थना समाजाचे प्रचारक झाले. त्यांना गिरगावातच राहता आले असते. चांगले श्रोते होते, मंदिर होते, वर्तमानपत्र होते. पण अहमदनगरजवळ भिंगारला एका रात्री महार समाजाच्या सभेत ते बोलायला गेले, लोकांचे ऐकून आले, आणि त्यानंतर त्यांना नुसता प्रचारक म्हणून राहणे अशक्य झाले. १८ ऑक्टोबर १९०६ रोजी परळला, ग्लोब मिलच्या परिसरात, अस्पृश्य मानलेल्या मुलांची शाळा उघडली. संस्थेचे नाव भारतीय निराश्रित साह्यकारी मंडळी, लोकांच्या तोंडी डिप्रेस्ड क्लासेस मिशन. अध्यक्ष चंदावरकर. सुरुवातीचे हजार रुपये शेठ दामोदरदास सुखडवाला यांचे.

या कामात शिंद्यांची बहीण जनाक्का होत्या. सासरच्या जाचातून सुटून आलेल्या, शिकलेल्या, आणि मिशनच्या निराश्रित सेवासदनात वस्तीतल्या बायकांचे बघणाऱ्या. त्यांच्याविषयी फार थोडे लिहिले गेले आहे याचे मला अतिशय वाईट वाटते. शाळेत मूल येते ते आईने पाठवले म्हणून येते, आणि आईशी बोलायला घरात शिरावे लागते. चुलीपाशी बसावे लागते, तिने दिलेले पाणी प्यावे लागते. सवर्ण घरातल्या बाईने त्या काळात हे करणे म्हणजे रोजच्या रोज स्वतःच्या जातीतून उठणे होते. मंदिरातल्या व्याख्यानाने जे झाले नाही ते या पाण्याच्या तांब्याने होत होते. माझ्या मते प्रार्थना समाजाची सर्वांत मोठी उपासना गिरगावच्या मंदिरात झालेली नाही, परळच्या या खोल्यांमध्ये झाली आहे.

तिथून मिशन पुण्यात, हुबळीत, अकोल्याला, मद्रासला पसरले. मंगळूरला कुद्मुल रंगराव हे ब्राह्म समाजाचे गृहस्थ १८९७ पासूनच असे काम करत होते. मुंबई म्युनिसिपालिटीत इंजिनिअर असलेले अमृतलाल ठक्कर सफाई कामगारांच्या वस्त्या रोज पाहत होते. शिंद्यांच्या सहवासाने ते या कामात ओढले गेले आणि १९१४ मध्ये नोकरी सोडून भारत सेवक समाजात दाखल झाले. पुढे देशाने त्यांना ठक्करबाप्पा म्हणून ओळखले. जेजुरीला मुली मुरळी म्हणून सोडण्याच्या चालीविरुद्धही शिंद्यांनी आवाज उठवला. १९१८ च्या मार्चमध्ये मुंबईत अस्पृश्यता निवारण परिषद भरवली, सयाजीराव गायकवाड अध्यक्ष होते. टिळक तिथे आले आणि देवाला अस्पृश्यता चालत असेल तर त्याला मी देव मानणार नाही, असे म्हणाले. टाळ्या पडल्या. मग स्वतःच्या व्यवहारात अस्पृश्यता पाळणार नाही अशा जाहीरनाम्यावर सह्या घ्यायचे ठरले, तेव्हा टिळकांची सही झाली नाही. व्याख्यान आणि सही यांच्यामधले हे अंतर मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगत असे. ते आजही तेवढेच आहे.

पण शिंद्यांची गोष्ट इथे संपवली तर ती अर्धवट राहील, आणि मला जे सांगायचे आहे ते उरलेल्या अर्ध्यात आहे. नव्या कायदेमंडळात अस्पृश्यांना प्रतिनिधी मिळणार होते. ते निवडायचे कुणी, हा प्रश्न आला. मिशनच्या बाजूने सूचना गेली की कायदेमंडळाच्या सदस्यांनी ते निवडावेत. १९२० साली नागपूरला शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय बहिष्कृत परिषद भरली. तिथे डॉ. आंबेडकरांनी या सूचनेवर कडाडून टीका केली आणि परिषदेने ती नाकारली. आमचा माणूस आम्ही निवडू, इतके सरळ म्हणणे होते ते. चौदा वर्षे वस्तीत शाळा चालवणाऱ्या, तिथले पाणी पिणाऱ्या संस्थेलाही हे म्हणणे ऐकून घ्यावे लागले. १९२३ मध्ये शिंद्यांनी मिशनच्या कारभारातून अंग काढून घेतले.

काही जण यावरून शिंद्यांना मोडीत काढतात. मला ते पटत नाही. १९२४ मध्ये हा माणूस त्रावणकोरात वायकोमच्या सत्याग्रहात गेला, जिथे देवळाभोवतीच्या रस्त्याने चालायचा हक्क मागितला जात होता. १९३० मध्ये, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, मिठाच्या सत्याग्रहात येरवड्याला तुरुंगात गेला. त्यांच्या निष्ठेबद्दल शंका घेणाऱ्याने आधी आपले पाय बघावेत. पण इतक्या प्रामाणिक माणसाच्या संस्थेलाही 'निवड कुणाची' या प्रश्नावर अडखळावे लागले, म्हणजे हा प्रश्न चांगुलपणाने सुटत नाही. तो कारभाराचा प्रश्न आहे. सभेत खुर्ची कुणाला, कुलपाची किल्ली कुणाकडे, वेळ कोण ठरवणार, पैसे कशावर खर्च करायचे हे कोण सांगणार. उदार धार्मिक मंडळी नेमकी इथे थबकतात. आम्ही कुणाची जात विचारत नाही, असे ती म्हणतात, आणि ते खरेही असते. पण त्यांच्या विश्वस्तांची यादी वाचली की जात न विचारताही कळते.

आमच्या भागातले एक उदाहरण सांगते. संस्थेचे नाव लिहीत नाही; कुणाची बदनामी करण्याचा हेतू नाही, आणि अशा संस्था गल्लोगल्ली आहेत. एक जुने भजन मंडळ आहे, स्वतःचे सभागृह असलेले. कुणीही यावे, कुणीही टाळ धरावा अशी त्यांची रीत, आणि मला ती प्रिय आहे. आमच्या वस्तीतल्या काही बायकांना दहावी करायची आहे. यातल्या काही रस्तेसफाईच्या कंत्राटी कामगार आहेत, काही घरकाम करणाऱ्या. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसायचे, आणि रोज दोन तास एकत्र अभ्यास करायचा. घरी दहा बाय दहाच्या खोलीत ते होत नाही. त्यांनी सभागृह मागितले. मंडळाने ते आनंदाने दिले. वह्या दिल्या, चहाची सोय केली, उद्घाटनाला फलक लावला. वेळ ठरवली दुपारी चार ते सहा.

सफाईच्या बायका पहाटे उठून साडेसहाला हजेरीवर असतात. दुपारी घरी येऊन रांधतात, मग त्यांच्यातल्या कित्येक जणी दुसऱ्या कामाला जातात. घरकामवाल्यांची दुपारची भांडी याच वेळेत असतात. बायकांनी विनंती केली की रात्री आठ ते दहा द्या. ती वेळ भजनाच्या तालमीची. तालीम आठवड्यातून दोनदा असते, तरी आठवडाभर ती वेळ राखीव. मंडळातल्या एका सज्जन गृहस्थांनी मला सांगितले, 'ताई, आम्ही एवढे करतो आहोत, वेळ तरी त्यांनी आमची सांभाळावी.' महिन्याभरात वर्ग ओस पडला. आणि मंडळाच्या वार्षिक सभेत सांगितले गेले की बायकांना शिकण्याची आवडच नाही.

त्या गृहस्थांच्या मनात काडीचेही वाईट नव्हते. म्हणूनच हे लिहायला हवे. त्या सभागृहात या बायकांना कीर्तन ऐकायला जागा आहे, प्रसादाच्या पंगतीत जागा आहे, त्यांच्या शिक्षणासाठी चंदाही आहे. वेळ ठरवणाऱ्या बैठकीत मात्र त्यांच्यापैकी एकही नाही. असती तर पहिल्याच मिनिटाला तिने सांगितले असते की चार वाजता आम्ही कुठे असतो. हे कळायला कुठले सर्वेक्षण लागत नाही.

सफाईच्या कामाबद्दल आणखी एक सांगितले पाहिजे, कारण न्याय म्हणजे काय हे तिथे उघडे पडते. कायम कामगार असेल तर लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार त्याच्या वारसाला नोकरी मिळते. ज्या घरात दुसरे काहीच नाही त्या घराला तो मोठा आधार आहे, आणि तो काढून घ्या असे कुणी म्हणू नये. पण त्या आधाराबरोबर झाडूही पिढीजात येतो. कंत्राटी बाईला तर झाडू मिळतो आणि आधार मिळत नाही. तिच्या दहावीचे महत्त्व एवढे मोठे आहे. दहावी झाली तर मुकादमाच्या हजेरीपुस्तकात काय लिहिले आहे ते ती स्वतः वाचेल, पगाराच्या पावतीत प्रॉव्हिडंट फंड कापला पण भरला का हे विचारेल. भजन मंडळाने दिलेल्या दोन तासांतून हे व्हायचे होते. मंडळाला ते वह्यावाटप वाटले.

आता काही जण म्हणतील, विश्वस्त बदलणे सोपे नाही, नियम आडवे येतात. सार्वजनिक विश्वस्त संस्थेच्या घटनेत विश्वस्त कसे नेमायचे हे लिहिलेले असते. त्याप्रमाणे नेमणूक करायची आणि ९० दिवसांत धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाची माहिती देणारा अर्ज, दाखल करायचा. घटनेत सभासदत्वाची वर्गणी जड असेल तर ती कमी करण्याचा ठराव करता येतो. कागद वेळ खातात, हे खरे. पण देवळाला सोन्याचा कळस चढवायचा असला की हेच कागद भराभर हलतात, हे मी पाहिले आहे. दरम्यान कार्यकारी समितीवर दोन जणींना निमंत्रित म्हणून बसवायला कुठलाही आयुक्त आड येत नाही.

वारकरी घरातली असल्यामुळे मला एक ठामपणे वाटते. ज्यांच्या अभंगांवर प्रार्थना समाजाची उपासना उभी राहिली ते तुकोबा वाण्याचे, कुणबी घरातले. चोखोबा महारांचे, मंगळवेढ्याच्या गावकुसाच्या वेठीत मेलेले. जनाबाई दुसऱ्याच्या घरी दळणकांडण करणाऱ्या. त्यांचे शब्द आम्ही मंदिरात गातो आणि त्यांच्यासारखे जगणाऱ्या माणसांना बैठकीच्या दाराबाहेर ठेवतो, हे मला सहन होत नाही. ज्या मंडळींना मूर्तीपुढे न झुकता देव आहे असे म्हणायचे धैर्य झाले, त्यांना आपल्या खुर्चीचा अर्धा भाग सोडायचे धैर्य व्हायला हरकत नसावी. प्रार्थनेचा उपयोग तिथेच आहे. खुर्ची, नाव, मान सोडायला जे बळ लागते ते माझ्यासारखीला तरी एकटीने मिळत नाही. चार माणसांत बसून डोळे मिटल्यावरच मिळते. रविवारच्या पत्रलेखकांना मी हे सांगू इच्छिते. न्यायाच्या कामाला उपासनेची गरज आहे, कारण ते काम करणाऱ्याला सतत काहीतरी सोडावे लागते.

आमच्या बायकांनी मंडळाला लेखी अर्ज दिला आहे. त्यात पैसे मागितलेले नाहीत. समितीत दोन जागा आणि रात्री आठची वेळ, तालमीचे दोन दिवस सोडून, एवढेच मागितले आहे. पुढच्या महिन्यातल्या बैठकीत तो विचारासाठी आहे. आपल्या वाचकांत अशा संस्थांचे विश्वस्त नक्कीच असतील. आपल्या मंडळात, मठात, उपासना मंदिरात ज्यांच्यासाठी काम चालते त्यांच्यापैकी किती जण निर्णय घेतात, हे त्यांनी आपापल्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर घ्यावे, अशी माझी विनंती आहे. आणि संपादक महाशय, आपल्याकडून एक मागणे: जनाक्का शिंदे यांच्यावर आणि परळच्या त्या शाळेत काम करणाऱ्या बायकांवर आपण एखादा सविस्तर लेख छापावा. आमच्या अभ्यासवर्गात तो वाचायला मला हवा आहे.

अर्ज केलेल्या बायकांना कामावर त्रास होऊ नये म्हणून माझे नाव छापू नये.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त रात्रशाळा शिक्षिका
परळ, मुंबई